न आलेल्या पुराचे श्रेय



संकट आल्यावर धावून आलेले सरकार लोकांच्या लक्षात राहते. संकट येऊच नये म्हणून आधीची पाच-दहा वर्षे खपलेले सरकार मात्र कुणाला आठवत नाही. हे आपण सगळे अनुभवाने जाणतो. हा अनुभव आकड्यांनी सिद्ध होतो का, होत असेल तर त्याचा धोरणांवर काय परिणाम होतो, आणि आपल्या महाराष्ट्रात त्यावर काही उपाय सापडला होता का, एवढेच मला आज मांडायचे आहे.

अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा या दोन अमेरिकी अभ्यासकांचा एक शोधनिबंध २००९ साली ‘अमेरिकन पॉलिटिकल सायन्स रिव्ह्यू’मध्ये छापून आला. १९८८ ते २००४ या काळातल्या अध्यक्षीय निवडणुकांचे काउंटीवार निकाल त्यांनी एका बाजूला ठेवले. त्याच काउंट्यांमध्ये आपत्तीनंतर मदतीवर किती पैसा गेला आणि आपत्तीपूर्व तयारीवर किती गेला, याचे हिशेब दुसऱ्या बाजूला ठेवले. जिथे मदतीचा पैसा पोचला तिथे सत्तेतल्या पक्षाची मते वाढली. जिथे तयारीवर खर्च झाला तिथे मतांमध्ये काही फरक पडलेला दिसला नाही. याच निबंधात आणखी एक हिशेब आहे आणि तो मला फार अस्वस्थ करतो. तयारीवर खर्च केलेला एक डॉलर पुढे होणारे सुमारे १५ डॉलरचे नुकसान टाळतो, असे त्यांना आढळले. म्हणजे ज्या खर्चातून पंधरापट परतावा मिळतो, त्या खर्चाला मत नाही. नुकसान होऊन गेल्यावर वाटलेल्या पैशाला मत आहे. मतांकडे पाहून चालणारे सरकार पैसा कुठे टाकेल, हे सांगायला राज्यशास्त्राची पदवी लागत नाही.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर आम्हाला एक सवय लावून गेले. निकाल लागल्यावर कोण जिंकले यावर ते थोडेच बोलत. मतदाराने कशाचे माप घेतले, हे शोधायला सांगत. मतदार मूर्ख आहे असा निष्कर्ष कुणी काढला की ते त्याला पुन्हा गावात पाठवत. आजच्या विषयात तो निष्कर्ष काढण्याचा मोह फार मोठा आहे, आणि जगातल्या नामवंत अभ्यासकांनाही तो झालेला आहे.

ख्रिस्तोफर एकेन आणि लॅरी बार्टेल्स यांच्या ‘डेमोक्रसी फॉर रिअलिस्ट्स’ या २०१६ सालच्या ग्रंथातले एक प्रकरण त्यामुळेच गाजले. १९१६ च्या जुलैमध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर शार्क माशांच्या हल्ल्यांत चार माणसे दगावली. समुद्रावर येणारे पर्यटक पळाले, हॉटेले ओस पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात अध्यक्ष विल्सन पुन्हा निवडणुकीला उभे होते आणि किनाऱ्यावरच्या भागांत त्यांची मते घटली, असे या दोघांनी दाखवले. शार्कच्या हल्ल्याला अध्यक्ष कसा जबाबदार? तेव्हा मतदार आंधळेपणाने शिक्षा करतो, असा त्यांचा निष्कर्ष. पुढे अँथनी फाउलर आणि अँड्र्यू हॉल यांनी अमेरिकेतले इतरही अनेक शार्क-हल्ले आणि त्यानंतरच्या निवडणुका तपासल्या. असा काही परिणाम होतो याला फारसा आधार नाही, असे त्यांनी २०१८ साली लिहिले. वाद अजून मिटलेला नाही. माझा कल फाउलर आणि हॉल यांच्याकडे आहे, कारण एका किनाऱ्यावरच्या एका उन्हाळ्यावरून माणसाच्या विवेकाबद्दल एवढे मोठे विधान करणे मला पटत नाही.

आपल्याकडचा पुरावा अधिक बोलका आहे. शॉन कोल, अँड्र्यू हीली आणि एरिक वर्कर यांनी भारतातला पाऊस, राज्यांनी दिलेली मदत आणि विधानसभांचे निकाल एकत्र ठेवून केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. पाऊस बिघडला की सत्तेतल्या पक्षाला फटका बसतो, असे त्यात दिसले. पाऊस काही मुख्यमंत्र्यांच्या हातात नसतो, तेव्हा ही शिक्षा अन्यायाची वाटते. पण जिथे सरकारने जोरात मदतकार्य केले तिथे हा फटका कमी झाला. म्हणजे मतदार आभाळाकडे पाहून थांबत नाही, तहसील कचेरीकडेही पाहतो. मला यात मतदाराचा विवेक दिसतो. मात्र याच अभ्यासाची तिसरी बाजू काळजीची आहे. मतदार प्रामुख्याने निवडणुकीच्या लगतच्या वर्षातला पाऊस आणि मदत यांचाच विचार करताना दिसतो. सरकारांनाही हे ठाऊक असावे, कारण निवडणुकीच्या वर्षात त्यांची मदत अधिक सढळ होते. तीन वर्षांपूर्वीच्या दुष्काळात ज्याची जनावरे गेली, त्याची वेदना मतमोजणीत उतरत नाही.

ही स्मृती किती टिकते, याचे माप जर्मनीत मिळाले. ऑगस्ट २००२ मध्ये एल्बे नदीला मोठा पूर आला. चॅन्सेलर श्रोडर पूरग्रस्त भागात गेले आणि केंद्राची मदत वेगाने पोचली. काही आठवड्यांतच निवडणूक होती. मायकेल बेख्टेल आणि येन्स हाइनम्युलर यांच्या हिशेबाने पूरग्रस्त भागात श्रोडर यांच्या पक्षाची मते त्यामुळे सुमारे ७ टक्के-बिंदूंनी वाढली. त्यातला साधारण चौथा हिस्सा २००५ च्या निवडणुकीत टिकला आणि २००९ पर्यंत काही उरले नाही. कृतज्ञतेला एका निवडणुकीपलीकडे थोडे आयुष्य असते, असा याचा अर्थ. ते फार नाही, पण शून्यही नाही.

आता मुंबईकडे येऊ. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मिठी नदी वस्त्यांत शिरली आणि शेकडो माणसे गेली. त्या वेळी एक गोष्ट पुन्हा चर्चेत आली. मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्या किती जुन्या आहेत, त्यांची क्षमता किती वाढवायला हवी, कुठे उदंचन केंद्रे उभारायला हवीत, याचा सविस्तर आराखडा १९९३ सालीच तयार झालेला होता. ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने तो ओळखला जातो. मधल्या १२ वर्षांत त्यातले फार थोडे काम झाले आणि खरी गती आली ती महापुरानंतर. आता मतदाराच्या जागी उभे राहून पाहा. १९९६ साली एखाद्या नगरसेवकाने जमिनीखालची वाहिनी रुंद करून घेतली असती, तर रस्ता खोदल्याबद्दल त्याने शिव्या खाल्ल्या असत्या. पुढे पाणी तुंबले नसते आणि कुणाला कळलेही नसते. त्याऐवजी चौकात सुशोभीकरण केले तर त्यावर नावाची पाटी लागते.

यातही आणखी एक अडचण आहे. २००५ मध्ये महापालिका शिवसेना-भाजपकडे होती आणि राज्य काँग्रेस-राष्ट्रवादीकडे. नाले कुणाचे, नदीचे पात्र कुणाचे, विमानतळालगतचा भाग कुणाचा, पुनर्विकासाची परवानगी कुणाची, यावर दोन्हीकडून बोटे दाखवली गेली. २००७ मध्ये महापालिका युतीकडेच राहिली आणि २००९ मध्ये राज्यही आघाडीकडेच राहिले. या निकालांमागे अनेक कारणे होती, त्यांचा संबंध एका पुराशी जोडायचा माझा मुळीच इरादा नाही. पण बिंगहॅम पॉवेल आणि गाय व्हिटन यांनी १९९३ साली एक मुद्दा मांडला होता, तो इथे उपयोगी पडतो. त्यांचे म्हणणे आर्थिक कामगिरीविषयी होते. जिथे जबाबदारी एकाच ठिकाणी असते तिथे मतदार चांगल्या-वाईट कामगिरीचा हिशेब मतातून चुकता करतो. जिथे ती वाटली गेलेली असते तिथे हिशेब पुसट होतो. आपल्या शहरांत एका नाल्यासाठी महापालिका, प्राधिकरण, रेल्वे, जिल्हाधिकारी आणि जलसंपदा विभाग असे पाच मालक असतात. अशा ठिकाणी मतदाराला दोष देण्याआधी आपण त्याच्या हातात कोणता पुरावा ठेवला, हे विचारले पाहिजे.

इथपर्यंत मी मतदाराची बाजू घेतली. आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. बोटी आल्या, लष्कर आले, गावोगावहून चपात्या आणि चादरींचे ट्रक आले. धान्याच्या पाकिटांवर नेत्यांची छायाचित्रे लावल्यावरून वादही झाला. दोन महिन्यांवर विधानसभा निवडणूक होती. मदत हे दिसणारे काम असते आणि त्यावर चेहरा चिकटवता येतो. पण त्याच सांगली-कोल्हापुरात निळी आणि लाल पूररेषा काटेकोर पाळायची म्हटले की विरोध सुरू होतो. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, दोन रेषांमधल्या पट्ट्यात निर्बंध, हा नियम कागदावर सगळ्यांना मान्य असतो. आपला गुंठा त्या रेषेत आला की तो अमान्य होतो. ज्याचा प्लॉट अडकला त्याला नुकसान आजच दिसते, तो संघटित होतो आणि आमदाराच्या दारात जातो. ज्याचे घर या नियमामुळे पुढच्या पुरात वाचणार आहे, त्याला आपण वाचणार आहोत हे माहीतच नसते. त्याचा मोर्चा कधी निघत नाही.

चिपळूणचे उदाहरण मला यात फार शिकवून गेले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात बाजारपेठ बुडाली. २००५ मध्येही बुडाली होती. २०२१ च्या पुरानंतर चिपळूणकर मदतीची वाट पाहत बसले नाहीत. नदीतला गाळ काढा, ही मागणी घेऊन ते उपोषणाला बसले आणि गाळ काढण्याचे काम सुरू करून घेतले. प्रतिबंधासाठी लोक रस्त्यावर येत नाहीत, हा आमच्या पुस्तकांतला नियम चिपळूणने खोटा पाडला. त्याच वेळी पूररेषेच्या निर्बंधांना शहरात मोठा विरोध होता, हेही खरे. म्हणजे नागरिक प्रतिबंधाच्या विरोधात नसतात. ज्या प्रतिबंधाचा भार सगळ्यांच्या तिजोरीवर पडतो तो त्यांना हवा असतो. ज्याचा भार आपल्या एकट्याच्या सातबाऱ्यावर येतो, आणि भरपाईचा शब्द कुणी देत नाही, तो नको असतो. अशा माणसाला अडाणी म्हणणे मला मान्य नाही. पूररेषेत जमीन अडकलेल्याला दुसरीकडे विकासहक्क द्या, मग त्याच्या विरोधाचे काय होते ते पाहू.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. दिसत नसलेल्या प्रतिबंधाला मत कसे मिळवून द्यायचे? याचे एक उत्तर महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी शोधले होते आणि ते आपल्या राज्याच्या राजकीय इतिहासातले सर्वांत मोठे काम आहे, असे मी जबाबदारीने म्हणतो. मी रोजगार हमीबद्दल बोलतो आहे.

बहात्तरचा दुष्काळ इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. मिलो ज्वारीच्या भाकरी, सुकडी, खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा, पाझर तलावाच्या भिंतीवर पाट्या वाहणारी माणसे. सलग काही वर्षे पाऊस हुकला होता. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. ज्यां ड्रेझ यांनी या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला आहे. धान्याचे उत्पन्न इतके कोसळूनही मोठ्या प्रमाणावरचे भूकबळी टळले, त्याचे कारण त्यांनी या कामांत शोधले. हातात मजुरी आली, म्हणून बाहेरून आलेले धान्य विकत घेता आले.

निवडणुकीच्या अभ्यासकाने इथे थोडे थांबले पाहिजे. मार्च १९७२ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा जिंकल्या होत्या. दुष्काळाचा कहर त्यानंतर झाला आणि पुढची विधानसभा निवडणूक १९७८ ची. म्हणजे वसंतराव नाईकांच्या सरकारवर जवळच्या निवडणुकीची भीती नव्हती. मग ते का हलले? एक कारण असे, की कामावर एकत्र आलेली लाखो माणसे बोलू लागली. लाल निशाण, शेतकरी कामगार पक्ष, समाजवादी, कम्युनिस्ट यांनी कामांवरच्या मजुरांचे मोर्चे काढले. मजुरी वेळेवर द्या, मापात लबाडी करू नका, काम बंद करू नका. विखुरलेला शेतमजूर एरवी राजकारणात दिसत नाही. खडीच्या ढिगाऱ्यापाशी तो हजारांनी दिसला. मतदान पाच वर्षांनी होते, पण लोकशाही मधल्या काळातही चालू असते, हे आम्ही निवडणूकशास्त्राचे लोक आकडेमोडीत विसरतो.

दुसरे कारण म्हणजे कल्पना आधीच तयार होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी साठच्या दशकात तासगाव तालुक्यात विसापूरच्या परिसरात तिचा प्रयोग करून पाहिला होता. मागेल त्याला काम, एवढे साधे सूत्र. पुढे १९७५ साली त्यासाठी व्यवसाय कर आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, तोच हा कर. मुंबई-पुण्याच्या पगारदाराने माण-खटावच्या मजुराच्या हमीसाठी पैसे द्यायचे, असा तो करार होता. आज पगारपत्रकावर तो आकडा पाहणाऱ्या फार थोड्यांना हे माहीत आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. १९७७ साली दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचा कायदा मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

या कायद्याने काय बदलले? त्याआधीची पद्धत सरकारच्या नजरेवर चालत असे. पीक गेले, आणेवारी ५० पैशांच्या खाली आली, जिल्हाधिकाऱ्याने अहवाल पाठवला, मंत्रालयाने टंचाई जाहीर केली, मग कामे निघत. या प्रत्येक पायरीवर कुणीतरी दयाळू किंवा निष्ठुर असू शकत होता. कुणाच्या तालुक्यात टंचाई जाहीर झाली याचे श्रेय आमदार घेऊ शकत होता. कायद्याने ही साखळी उलटी केली. मजूर अर्ज करणार आणि १५ दिवसांत काम देणे शासनावर बंधनकारक. संकट किती मोठे आहे हे आता मजुराच्या अर्जांवरून ठरणार. आणि अर्ज नाकारला गेला तर कोण चुकले हे त्याला नेमके कळणार. हीली आणि मल्होत्रा यांच्या निबंधातला पेच, म्हणजे टळलेल्या आपत्तीला साक्षीदार नसतो, तो इथे सुटला. उपासमार टळली हे दाखवता येत नाही, पण १५ दिवसांत काम मिळाले की नाही हे कुणालाही दाखवता येते.

रोजगार हमीत भ्रष्टाचार झाला, खोट्या हजेऱ्या लागल्या, मोठ्या बागायतदारांच्या शेताकडे जाणारे रस्ते मजुरांच्या नावावर झाले. हे सगळे मला मान्य आहे. रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स यांनी १९८३ सालीच दाखवून दिले होते, की योजनेने उभ्या राहिलेल्या पाझर तलावांचा आणि रस्त्यांचा मोठा लाभ जमीनदार वर्गाला झाला. म्हणूनच तो वर्ग योजनेला आडवा गेला नाही, असेही म्हणता येईल. गरिबांसाठीची योजना टिकायची असेल तर तिच्यात इतरांचाही थोडा वाटा असावा लागतो, हे धोरणाच्या अभ्यासातले कटू सत्य आहे. तरीही २००५ साली संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा समोर नमुना महाराष्ट्राचा होता.

हक्क कागदावर असला तरी बातमी लागतेच. टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांनी १९५८ ते १९९२ या काळातल्या भारतातील १६ राज्यांचा अभ्यास केला आणि तो २००२ साली प्रसिद्ध झाला. पीक बुडाले किंवा पूर आला तेव्हा कोणते राज्य सरकार अधिक धान्य वाटते, मदतीवर अधिक खर्च करते? जिथे वृत्तपत्रांचा खप जास्त तिथे सरकार अधिक जागे असते, असे त्यांना आढळले. त्यातही परिणाम प्रामुख्याने स्थानिक भाषेतल्या वृत्तपत्रांचा होता. आपल्या जिल्हा दैनिकांच्या वार्ताहरांनी हा निष्कर्ष कापून टेबलावर लावावा, असे मला वाटते. तालुक्याच्या पानावरची दोन कॉलमी बातमी राजधानीतल्या संपादकीयापेक्षा जास्त माणसे वाचवते.

पण बातमीलाही जे दिसते तेच टिपण्याची मर्यादा आहे. अमर्त्य सेन यांनी एक फरक वारंवार सांगितला आहे. मुक्त वृत्तपत्रे आणि निवडणुका असलेल्या देशात दुष्काळात मोठ्या प्रमाणावर भूकबळी पडत नाहीत, पण रोजचे कुपोषण मात्र चालू राहते. वाळलेल्या विहिरीचा आणि टँकरमागे धावणाऱ्या बायकांचा फोटो निघतो. वयाच्या मानाने उंची कमी राहिलेल्या मुलाचा फोटो निघत नाही, तो नुसता लहानखुरा दिसतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले, तेव्हा देशभर त्या गाडीची छायाचित्रे झळकली. लोकांना पाणी मिळाले, ते मिळायलाच हवे होते. पण मांजरा धरण कोरडे का पडले, उसाला किती पाणी गेले, कूपनलिका किती खोल गेल्या, या प्रश्नांना गाडीइतकी जागा मिळाली नाही.

ज्या ठिकाणी प्रतिबंधाला खरोखर मत मिळाले, अशी दोन ठिकाणे मला माहीत आहेत आणि दोन्ही अगदी वेगळी आहेत. पहिले ओडिशा. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे १०,००० माणसे मेली. काही महिन्यांतच झालेल्या निवडणुकीत सत्ता बदलली. त्यानंतर राज्याने आपत्ती व्यवस्थापनासाठी वेगळे प्राधिकरण चालवले, किनाऱ्यावर शेकडो निवारे बांधले, गावागावांत स्वयंसेवक तयार केले. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन वादळ आले तेव्हा सुमारे १० लाख लोकांना आधीच हलवले गेले आणि मृतांची संख्या दोन आकड्यांत राहिली. इथे प्रतिबंध दिसला, कारण वादळ आलेच. ते पुन्हा पुन्हा येते, आणि १९९९ ची तुलना प्रत्येक घरात जिवंत होती. नवीन पटनायक २००० ते २०२४ इतका काळ मुख्यमंत्री राहिले, त्याच्या अनेक कारणांत हे एक कारण मी निश्चित धरतो.

दुसरे ठिकाण आपल्या नगर जिल्ह्यातले हिवरे बाजार. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली या गावाने चराई आणि वृक्षतोड बंद केली, शेतीसाठी कूपनलिका घ्यायच्या नाहीत असे ठरवले, पाणलोटाची कामे केली. पाऊस मोजायचा, भूजल मोजायचे आणि त्यावरून यंदा कोणते पीक घ्यायचे ते ग्रामसभेत ठरवायचे. या पाण्याच्या ताळेबंदाबद्दल खूप लिहिले गेले आहे, पण राज्यशास्त्राच्या दृष्टीने त्याचे महत्त्व फारसे सांगितले गेलेले नाही. तो ताळेबंद मतदाराच्या हातातला पुरावा आहे. शेजारच्या गावात टँकर सुरू असताना आपल्या विहिरीला पाणी का आहे, याचे उत्तर तिथल्या माणसाला आकड्यात माहीत असते. २०२१ साली अनेक वर्षांनी तिथे ग्रामपंचायतीची प्रत्यक्ष निवडणूक झाली, तेव्हा गावाने पवारांच्याच गटाला निवडले.

प्रत्येक तालुका हिवरे बाजार होणार नाही, म्हणून काही गोष्टी कायद्यानेच बांधाव्या लागतात. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात आपत्ती-प्रतिसाद निधीबरोबर सौम्यीकरण निधीचीही, म्हणजे नुकसान आधीच कमी करणाऱ्या कामांसाठीच्या निधीचीही, तरतूद होती. प्रतिसादाचा निधी चालू राहिला. सौम्यीकरणाचा निधी प्रत्यक्षात यायला २०२१ उजाडले, तेही पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीचे ८० टक्के प्रतिसादासाठी आणि २० टक्के सौम्यीकरणासाठी अशी वाटणी करून दिली म्हणून. सोळा वर्षे कुणालाच त्याची घाई नव्हती. ही वाटणी मतदाराच्या हातून काढून घेतलेला निर्णय आहे, असे कुणी म्हणेल. मी तिचे स्वागत करतो, पण एका अटीवर. त्या २० टक्क्यांतून आपल्या जिल्ह्यात काय झाले, हे दरवर्षी मेअखेर प्रत्येक ग्रामसभेत आणि प्रभागसभेत वाचून दाखवले पाहिजे. पूररेषा भिंतींवर रंगवली पाहिजे. संरक्षक भिंत बांधली तर तिच्यावर कुणाचे नाव टाकण्याऐवजी ती कोणत्या पातळीपर्यंतचे पाणी अडवते ते लिहिले पाहिजे. असे केल्यावरही मतदाराने प्रतिबंधाची दखल घेतली नाही, तर मग एकेन आणि बार्टेल्स यांच्याशी वाद घालायला माझ्याकडे फारसे काही उरणार नाही.

शेवटी आमच्या क्षेत्राच्या लोकांशी दोन शब्द. आज मी सांगितलेले बहुतेक अभ्यास परदेशी विद्यापीठांतून झाले. भारतावरचेही. आपल्याकडे सामग्री नाही असे नाही. विधानसभा आणि लोकसभेचे केंद्रनिहाय निकाल नमुना २० मध्ये मिळतात. कृष्णेच्या आणि पंचगंगेच्या पाणीपातळीच्या नोंदी आहेत. कोणत्या गल्लीत २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी किती फूट होते, हे तिथला प्रत्येक दुकानदार भिंतीवरची खूण दाखवून सांगतो. हे तीन कागद एकमेकांवर ठेवले, तर पुराच्या रेषेच्या आतले आणि बाहेरचे मतदान वेगळे पडते का, मदत मिळालेल्या गल्लीने काय केले, नाला रुंद झालेल्या गल्लीने काय केले, हे मराठी विद्यार्थ्याला मराठीत लिहिता येईल. यासाठी मोठे अनुदान लागत नाही. सायकल, वही आणि दोन उन्हाळे पुरतात. माझ्या विभागात हे काम या मे महिन्यात सांगलीपासून सुरू होत आहे. बी.ए.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या ज्या मुलामुलींना त्यात यायचे आहे, त्यांनी व्याख्यान संपल्यावर बाहेरच्या टेबलावर आपले नाव आणि गाव लिहून जावे. पूरपट्ट्यातल्या गावांची मुले आधी घेणार आहोत.